चिन्ह बघा, मग पाकीट उलटं करा

किराणा घेताना तुम्ही एका पाकिटाकडे किती वेळ बघता? बहुतेक जण क्षणभरच बघतात. हातात यादी असते. मागे रांग असते. मूल बिस्किटाचा पुडा ओढत असतं. तेवढ्यात पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचं एखादं चिन्ह डोळ्यांत भरतं. हिरवा ठिपका असेल, एखादं पान असेल, हृदयाचं चित्र असेल. मन म्हणतं, बरं दिसतंय. पाकीट पिशवीत जातं.

यात तुमचा काही दोष नाही. घर चालवणाऱ्या माणसाला प्रत्येक वस्तूची चौकशी करायला सवड नसते. चिन्हं असतात ती त्यासाठीच. पण कोणतं चिन्ह काय सांगतं आणि कशाबद्दल गप्प बसतं, हे कळलं तर हीच घाईतली नजर तुमच्या कामी येईल. तेवढंच आज सांगायचं आहे.

हे आत्ताच का सांगायचं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली एक मोठी देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ३१ कोटींहून जास्त लोकांना रक्तदाब आहे. म्हणजे ही दुखणी आता जवळपास प्रत्येक नात्यात आहेत. डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, साखर कमी करा. आपण भाजीतलं मीठ कमी करतो आणि चहातली साखर अर्धी करतो. पाकिटातून येणारं मीठ आणि साखर मात्र मोजायचं राहून जातं.

प्रत्येक चिन्हाचं उत्तर एकाच प्रश्नाला

आधी रोज दिसणारी चिन्हं ओळखून घ्या.

हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे. तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे तो मांसाहारी आहे. अंडं घातलेल्या पदार्थालाही त्रिकोणच असतो. पूर्वी मांसाहारालाही गोलच ठिपका असायचा. आता आकारच वेगळा असल्यामुळे ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांचीही सोय झाली आहे. पण हिरवा ठिपका आरोग्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. साखर शाकाहारी आहे. मैदा शाकाहारी आहे. मीठ आणि पामतेलही शाकाहारीच आहे.

‘एफएसएसएआय’ ही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची इंग्रजी अक्षरं आणि त्याखाली १४ आकडी क्रमांक म्हणजे माल बनवणाऱ्याकडे परवाना किंवा नोंदणी आहे. काही गडबड झाली तर कोणाला विचारायचं, ते त्या क्रमांकावरून कळतं. हा क्रमांक हवाच. तो नसलेलं पाकीट घेऊ नका. पण क्रमांक आहे म्हणून पदार्थ रोज खाण्याजोगा ठरत नाही.

‘प्लस एफ’ हे चिन्ह म्हणजे पदार्थात वरून जीवनसत्त्वं किंवा खनिजं मिसळली आहेत. तेलात आणि दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घालतात. पीठ आणि तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालतात. चांगली गोष्ट आहे. पण म्हणून तेल सढळ हाताने ओतायचं नाही. जीवनसत्त्व आलं तरी ते तेलच राहतं.

‘जैविक भारत’ हे चिन्ह सेंद्रिय मालावर असतं. पीक कसं पिकवलं, हे ते सांगतं. सेंद्रिय साखर रक्तात गेल्यावर साखरेसारखीच वागते.

इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्याला फुटलेलं पान म्हणजे पदार्थात दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून आलेलं काहीही नाही. त्यात मीठ किती आणि साखर किती, हे त्यातून कळत नाही.

आणखी एक चिन्ह लक्षात ठेवा. चौकटीत फुली असेल तर ती वस्तू खाण्यासाठी नाही. पूजेचं तेल आणि पूजेचं तूप यांवर ती असते. दिव्याचं तेल आणि फोडणीचं तेल एकाच फळीवर ठेवत असाल तर आजच वेगळं करा. घरात म्हातारी माणसं असतील, स्वयंपाकाला कोणी बाई येत असतील, तर त्यांनाही फुली दाखवून ठेवा.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात हजेरी शंभर टक्के असली म्हणून मूल गणितात पास झालं असं आपण धरत नाही. हजेरीचा रकाना वेगळा, गणिताचा वेगळा. पाकिटावरच्या चिन्हांचंही तसंच आहे. आपण मात्र एक रकाना बघून सगळे विषय पास करून टाकतो.

आपलं मन कुठे घसरतं

हे मी अंदाजाने म्हणत नाही. पाकिटावरचं चिन्ह पाहून गिऱ्हाईक काय समजतं आणि काय करतं, यावर जगभर अभ्यास झाला आहे. त्यातल्या काही गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट रंगाची. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या एका संशोधकाचा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना चॉकलेटच्या वडीचं चित्र दाखवलं. तिच्यावर उष्मांकाचा आकडा होता. काहींना तो हिरव्या पट्टीवर दाखवला, काहींना लाल पट्टीवर. आकडा तोच होता. तरी हिरवी पट्टी पाहणाऱ्यांना ती वडी तब्येतीला जास्त चांगली वाटली. नुसत्या रंगाने मत बदललं. आपल्याकडे तर शाकाहारी पाकिटांवर हिरवा ठिपका कायद्यानेच असतो. त्यात कंपनीने पाकिटालाही हिरवा रंग दिला, वर चार पानं काढली, तर मनाची काय अवस्था होईल याचा विचार करा.

दुसरी गोष्ट, एक चांगला शब्द सगळ्या पदार्थावर पसरतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. बिस्किटं सेंद्रिय आहेत असं सांगितलं की लोकांना त्यांत उष्मांक कमी असतील असं वाटायचं. खरं तर उष्मांकाचा आकडा दोन्हीकडे सारखाच होता. ‘सेंद्रिय’ हा शब्द शेतीबद्दल होता. लोकांनी तो पोटाबद्दल घेतला.

तिसरी गोष्ट, आपण सांगतो एक आणि घेतो दुसरंच. फ्रान्समध्ये २०१६ साली ६० सुपरमार्केटांत चार प्रकारची चिन्हं प्रत्यक्ष मालावर लावून बघितली. चिन्हांचा थोडा उपयोग झाला. पण प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत जेवढा परिणाम दिसला होता, त्याच्या सरासरी सतरावा हिस्साच दुकानात दिसला. कारण तुम्हाला माहीतच आहे. दुकानात भूक असते, भाव असतो, सवय असते, मुलाचा हट्ट असतो. म्हणून निर्णय दुकानात करायचा नसतो. तो घरी, यादी लिहिताना करायचा असतो.

चौथी गोष्ट आपल्या देशातली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सहा राज्यांत सुमारे तीन हजार प्रौढ माणसांना वेगवेगळी चिन्हं दाखवली. कोणत्या पदार्थात मीठ, साखर, चरबी जास्त आहे, हे ओळखायला सांगितलं. ‘अमुक जास्त आहे’ असं सरळ सांगणारा इशारा पाहून सर्वांत जास्त लोकांना बरोबर ओळखता आलं. पदार्थाला तारे देणारं चिन्ह पाहून तेवढं जमलं नाही. खरेदीच्या इराद्यात मात्र चिन्हाचिन्हांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे कळणं ही पहिली पायरी आहे. वळणं ही पुढची आहे, आणि ती तुमच्या घरातच चढायची आहे.

मागची बाजू कशी वाचायची

आता कामाचं बोलू. पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरांत दोन गोष्टी असतात. एक घटकांची यादी, दुसरा पोषणाचा तक्ता. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. घाबरू नका. चार-पाच शब्द ओळखता आले की भागतं. अक्षर फार बारीक असेल तर मोबाईलवर फोटो काढा आणि मोठा करून बघा.

एक. घटकांची यादी वाचा. तिला ‘इन्ग्रेडियंट्स’ म्हणतात. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला लिहायचा, असा नियम आहे. मग कमी, मग त्याहून कमी. पहिले तीन घटक वाचा. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटात पहिला घटक मैदा असेल, दुसरी साखर असेल, आणि ज्वारी-नाचणी शेवटी कुठेतरी असतील, तर तुम्ही मैद्याचं बिस्किट घेत आहात. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा.

दोन. साखरेची दुसरी नावं ओळखा. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज. ही सगळी साखरेचीच भावंडं. गूळ आणि मधही मोजताना साखरेतच धरा. एका यादीत अशी तीन-चार नावं वेगवेगळी आली की प्रत्येक खाली सरकतं. मग साखर पहिल्या नंबरावर दिसत नाही. बेरीज केली तर ती तिथेच असते.

तीन. तक्त्यात तीन ओळी शोधा. ‘शुगर’, ‘सोडियम’ आणि ‘सॅच्युरेटेड फॅट’. बाकीचं सवडीने वाचा.

चार. ‘पर हंड्रेड ग्रॅम’ म्हणजे १०० ग्रॅमचा आकडा बघा. शेजारी ‘पर सर्व्ह’ असतं. तो एका वेळच्या खाण्याचा आकडा, आणि एक वेळ म्हणजे किती हे कंपनी ठरवते. दोन-तीन बिस्किटांची एक वेळ धरलेली असते. तुमचं मूल किती खातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर १०० ग्रॅमच्याच आकड्याने करा.

पाच. आकडा जास्त की कमी, हे कसं ठरवायचं? ब्रिटनमध्ये पाकिटांवर सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे रंग लावतात. तिथला हिशेब तुम्हाला घरी वापरता येईल. १०० ग्रॅम पदार्थात साखर २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल, ५ ग्रॅम किंवा कमी असेल तर हिरवा. सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल, दीड ग्रॅम किंवा कमी असेल तर हिरवा. मीठ दीड ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे सोडियम साधारण ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल. मधल्या आकड्यांना पिवळा. हे आकडे एका कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

सहा. सोडियमचं मीठ करायला शिका. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा, शेवेचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. मागे १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. पूर्ण पाकिटात झालं १६०० मिलिग्रॅम. गुणिले अडीच, म्हणजे ४ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांनी मिळून ते पाकीट संपवलं तर प्रत्येकी १ ग्रॅम. एकट्याने चहासोबत अर्धं संपवलं तर २ ग्रॅम, आणि अजून दोन वेळचं जेवण व्हायचंच आहे.

सात. साखर चमच्यांत मोजा. चहाचा एक चमचा म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम धरा. समजा, सरबताच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिली आहे. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेपाच चमचे झाली. पाहुण्यांच्या चहात तुम्ही साडेपाच चमचे घालाल का? आपल्या पाकिटांवरचा टक्क्यांचा हिशेब मोठ्या माणसाला दिवसाला वरून घातलेली ५० ग्रॅम साखर धरून केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्याच्याही निम्म्यावर आलात तर जास्त बरं.

पाच-दहा रुपयांच्या अगदी लहान पुड्यांवर हा तक्ता कदाचित सापडणार नाही. जागा कमी म्हणून नियमात तशी सूट आहे. तिथे मोठ्या पाकिटावरची माहिती वाचा. तीही मिळाली नाही तर पुडा क्वचितच घ्यायचा, असं ठरवून टाका.

पुढच्या बाजूवरचे गोड शब्द

चिन्हांइतकंच शब्दांकडेही लक्ष द्या.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही. पदार्थात मुळातच असलेली साखर असतेच. मधुमेही माणसाने तरीही एकूण साखरेचा आकडा बघावा.

‘शुगर फ्री’ म्हणजे साखर जवळजवळ नाही. पण मैदा आणि तूप भरपूर असू शकतं. शुगर फ्री मिठाई मनसोक्त खायला मोकळीक मिळाली, असं समजू नका.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेल पाहून जादा पैसे देऊ नका. वनस्पतीच्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. शेंगदाण्याच्या साध्या तेलातही नसतं.

‘हेल्थ ड्रिंक’ असा वेगळा प्रकार आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात सांगितलेलाच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं त्या नावाखाली ठेवू नका. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळांच्या डबाबंद रसावरचा ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. पाणी घालून पुन्हा बनवलेल्या रसाला तसं म्हणता येत नाही.

‘ओआरएस’ची गोष्ट तर प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. जुलाबात मुलाला द्यायची जलसंजीवनी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मापाची असते. त्याच नावाशी मिळतीजुळती गोड पेयं कित्येक वर्षं दुकानांत होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी चिकाटीने पाठपुरावा केला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ठरलेल्या मापाची नसलेल्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. जुलाबात गोड पेयाने पाणी आणखी कमी होऊ शकतं. औषधाच्या दुकानातूनच पुडी घ्या आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं माप लिहिलेलं आहे ना, ते बघा.

मुलांना बरोबर घ्या

मुलांवर ओरडून काही होत नाही. त्यांना काम द्या.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात जून २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात. साखर जास्त असेल तर तसा एक अष्टकोन. मीठ जास्त असेल तर दुसरा. असे पदार्थ शाळेत विकायला बंदी आली. पाकिटांवरची कार्टून गेली. नंतर संशोधकांनी तिथल्या आयांशी बोलून पाहिलं. आयांनी सांगितलं, की लहान मुलंच काळे अष्टकोन मोजतात आणि हे नको म्हणतात. पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं, की ‘जास्त आहे’ असा इशारा लागलेल्या गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी कमी झाली. तिथे चिन्हाच्या जोडीला शाळेचा आणि जाहिरातींचा नियमही होता, हे विसरू नका.

आपल्या पाकिटांवर अष्टकोन नाहीत. पण तुमच्या घरात ते मुलांच्या हातून येऊ शकतात. पाचवी-सहावीतल्या मुलाला सोडियम अडीचने गुणायला सांगा. त्याला दशांशाचा सराव होईल. मग काळ्या स्केचपेनने बरणीवर लिहू द्या, मीठ जास्त, साखर जास्त. स्वतःच्या हाताने लिहिलेलं मूल विसरत नाही.

खाऊ बंद करू नका. दिवस ठरवा. रविवारी चिप्स, तेही वाटीत काढून. पाकीट हातात घेऊन टीव्हीसमोर कोणीच बसायचं नाही, मोठ्यांनीही. रोजच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू, भाजलेले चणे, केळं किंवा घरचे पोहे द्या. तेही शक्य नसेल त्या दिवशी पाकीट चालेल. एका दिवसाने काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या सवयीने.

घरात रक्तदाब किंवा साखर असेल तर

अशा घराने पाकिटांची झडती एकदा घ्यावीच. पापड, लोणचं, सॉस, सूपची पुडी, नूडल्सचा मसाला आणि फरसाण यांत मीठ जास्त असतं. ब्रेड आणि बिस्किटं खारट लागत नाहीत. तरी त्यांतही मीठ असतं. जिभेवर विसंबू नका, सोडियमच्या ओळीवर विसंबा.

औषध चालू आहे म्हणून सूट घेऊ नका. आणि ‘लो सोडियम’ मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्याला किंवा रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

गावातल्या बचत गटाकडून किंवा ओळखीच्या गृहोद्योगाकडून चिवडा, चकली, पापड घेत असाल तर जरूर घ्या. घरगुती म्हणून त्यात मीठ-तेल कमीच असेल, असं मात्र धरून चालू नका. त्यांना प्रेमाने सांगा, मीठ थोडं कमी घाला, आम्ही तुमच्याकडूनच घेऊ. मोठी कंपनी तुमचं ऐकेल न ऐकेल. या ताई नक्की ऐकतील.

आणखी दोन कामं तुमची

आपल्या देशात पाकिटाच्या पुढच्या बाजूवर पोषणाचं कोणतं चिन्ह असावं, यावर अनेक वर्षं चर्चा चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने मसुदा काढला. त्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची सूचना होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. ती मुदतही नंतर वाढवावी लागली.

तारे की सरळ इशारा, हा वाद तुमच्या स्वयंपाकघरातलाच आहे. ताऱ्यांत चांगलं आणि वाईट एकत्र मोजतात. मीठ जास्त असेल, पण तंतू किंवा दाणेही असतील, तर तारा वाढू शकतो. तुमच्या सासऱ्यांना रक्तदाब असेल तर तुम्हाला सरासरी नको असते. मीठ जास्त आहे की नाही, एवढंच हवं असतं. माझं मत सरळ इशाऱ्याच्या बाजूने आहे. तुमचं वेगळं असेल तर तेही मांडा. नियमाचा मसुदा निघतो तेव्हा सामान्य माणसाचीही हरकत-सूचना मागवतात. कंपन्या आपलं म्हणणं न चुकता पाठवतात. तुमच्या महिला मंडळाने, ज्येष्ठ नागरिक संघाने, सोसायटीनेही एक पत्र पाठवावं. पाकिटावर मराठी असावं, अक्षर मोठं असावं, हेही त्यात लिहावं.

दुसरं काम अभ्यासकांना मदत करायचं. महाविद्यालयातली मुलं किंवा एखाद्या संस्थेची माणसं प्रश्नावली घेऊन आली, तर दार लावून घेऊ नका. ओळखपत्र बघा. काय विचारणार आहेत आणि माहिती कुठे वापरणार आहेत, ते विचारा. पटलं तर दहा मिनिटं द्या. आणि खरं सांगा. पाकिटामागचं वाचत नसाल तर वाचत नाही म्हणा. चिन्ह कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. चांगलं दिसावं म्हणून सगळेच ‘आम्ही रोज वाचतो’ म्हणाले, तर सरकारला वाटेल की लोकांना सगळं समजतं आहे. मग चिन्ह सोपं कोण करणार? फोन नंबर, आधार, बँकेचा तपशील मात्र कोणत्याही प्रश्नावलीत देऊ नका. खऱ्या अभ्यासाला त्याची सहसा गरज नसते.

पाकिटावरचा दावा खोटा वाटला तर पावती आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे ॲपही आहे. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही तक्रार देता येते. भांडायची गरज नाही. शांतपणे, पुराव्यासह सांगायचं.

सुरुवात कुठून करायची

सगळं एकदम करायला जाऊ नका. थकाल आणि सोडून द्याल.

आज फळीवरची पाचच पाकिटं काढा. तुमच्या घरात सर्वांत जास्त लागणारी. उलटी करा. साखर, सोडियम आणि सॅच्युरेटेड फॅटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढा. त्या पाचांतलं एक पाकीट असं निवडा, की ज्याच्यावाचून तुमचं अडणार नाही. पुढच्या महिन्याच्या यादीतून ते काढून टाका, किंवा त्याच भावात कमी मिठाचं, कमी साखरेचं दुसरं मिळतं का ते बघा. महिनाभराने आणखी एक.

आणि जे कळलं ते शेजारी सांगा. तुमच्या शेजारच्या काकूंना इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्यांच्या घरी जाऊन त्यांची पाकिटं वाचून दाखवा. त्यांच्या औषधाच्या गोळीइतकंच ते वाचन त्यांच्या कामाचं आहे.